गिऱ्हाइकाला न्हाई म्हणायचं नसतं

लोणावळा,
२० जानेवारी २०२५

चिंगे,

काल फोन ठेवल्यावर ध्यानात आलं, तू एवढा वेळ बोललीस आणि मला काहीच कळलं न्हाई. जेवलीस का, व्हय. झोप लागती का, व्हय. अभ्यास जमतो का, व्हय. शेवटी मी म्हणाले, तुला तितं करमत न्हाई वाटतं. त्यालाबी तू व्हय म्हणालीस. म्हणून आता फोन बंद. तसाबी क्लासात तुमचा फोन कपाटात कोंडून ठेवतात आणि रविवारीच देतात. पत्र लिही. नुसतं व्हय लिहून पान भरत न्हाई.

मी चौथी शिकलेली, अक्षर कसं हाय ते तुला माहीत हाय. चुका काढत बसू नको.

हितलं सांगते. तुझा बा, आपला गेणू, पॉइंटवर टपरी लावतो, मी मागं भजी तळते. पुढं उभी राहू देत न्हाई मला. परवा एका बाईनं विचारलं चहा ताजा हाय का, मी म्हणाले सकाळचा हाय. गेणू दिवसभर माझ्याशी बोलला न्हाई. शेठच्या बंगल्याच्या बागेचं कामबी तो सकाळी उरकून येतो.

वाडीत सगळे विचारतात, चिंगी बारावी झाली, आता आणखी काय शिकतीया. आपल्या वाडीतून बारावीच्या पुढं कोण गेलंय म्हणून त्यांना कळणार. गेणू सांगतो, बेंगलोरचं मोठं कॉलेज हाय, हजारांतून थोडीच पोरं घेतात. छाती काढून सांगतो. चला, एक माणूस तरी तुझ्या बाजूनं पक्का हाय.

परीक्षा कशी गेली ते खरं लिही.

सरूआत्या


तळेगाव दाभाडे,
३० जानेवारी २०२५

प्रिय आत्या,

तुझं पत्र मिळालं. खूप छान वाटलं. माझी लेखी परीक्षा छान गेली. इथं सगळं छान आहे. खोली छान आहे, माझ्यासोबत पवन मावळातल्या दोन मुली आहेत, त्याही छान आहेत. जेवण छान असतं.

स्नेहलताई खूप छान शिकवतात. त्या आधी कंपनीत होत्या, ती नोकरी सोडून हा क्लास काढला. ज्यांच्या घरात कुणीच कॉलेजला गेलेलं नाही अशीच मुलं घेतात. फी घेत नाहीत. लेखीत पास झाले की एप्रिलमध्ये पुण्याला मुलाखत असते. त्याचा सराव ताई घेतात. त्या टेबलाच्या पलीकडे बसतात, आम्ही अलीकडे, आणि त्या प्रश्न विचारतात. माझा सराव छान चालू आहे.

माझी काळजी करू नकोस.

तुझी
आरती


लोणावळा,
७ फेब्रुवारी २०२५

चिंगे,

तुझं पत्र म्हणजे पॉइंटवरच्या गिऱ्हाइकाला दिलेलं उत्तर हाय. सगळं छान. कणीस कोवळं हाय, चहा ताजा हाय, धबधबा जवळच हाय. मला काय तुझ्याकडून कणीस घ्यायचंय का?

जेवण छान असतं म्हणं. तुला वांगं घशाखाली उतरत न्हाई आणि क्लासात आठवड्यातून चारदा वांगं असतं, हे मला परंदवडीच्या भिमाजीच्या पोरीनं सांगितलं. ती गेल्या वर्षी तितंच होती.

पुढच्या पत्रात एक तरी वाईट गोष्ट लिही. न्हाईतर पत्र पाठवू नको, तिकीट वाया जातं.

सरूआत्या


तळेगाव दाभाडे,
१६ फेब्रुवारी २०२५

आत्या,

वांगं असतं. मी मीठ लावून खाते.

लेखीत मी पास झाले. हे चांगलं आहे, पण खरं आहे म्हणून लिहिते. आता वाईट.

मुलाखतीचा सराव चांगला चाललेला नाही. मागच्या आठवड्यात ताईंनी बाहेरून एका सरांना बोलावलं होतं. सरांनी विचारलं, लोणावळ्याला एवढे लोक फिरायला येतात, तुमच्या भागाचा फायदाच झाला ना? मी म्हणाले, हो सर. जरा वेळानं ताईंनी विचारलं, एवढे लोक येतात, तुमच्या भागाचं नुकसानच झालं ना? मी म्हणाले, हो ताई. ते दोघं एकमेकांकडे बघून हसले. नंतर ताईंनी मला बाजूला घेतलं आणि विचारलं, यातलं तुला काय वाटतं? तुम्हाला काय वाटतं ते सांगा, म्हणजे तसं बोलते, असं मी म्हणाले. तेव्हा ताई हसल्या नाहीत.

गणितात मला असं होत नाही. गणिताला गिऱ्हाईक नसतं. उत्तर चुकलं तर ते कुणाच्या हो म्हणण्यानं बरोबर होत नाही. मला तेच शिकायचं आहे.

आणखी एक. बंगल्याच्या शेठनी बाबांना विचारलं की मुलगी इंग्रजी बोलते, तर एक मेपासून पाहुण्यांचं बघायला बंगल्यावर ठेवू का. बाबा हो म्हणाले. मग मला फोनवर विचारलं, मीही हो म्हणाले. कॉलेजचा निकाल मेच्या मध्यावर आहे. हे तुला माहीत असेलच.

आरती


लोणावळा,
२२ फेब्रुवारी २०२५

स्नेहल मॅडम यांस,

मी आरतीची आत्या, सरूबाई. तिची आई ती लहान असताना वारली, मी वाढवली. तुमी चांगलं शिकवता असं ती लिहिते. ती सगळ्यांबद्दल चांगलंच लिहिते, म्हणून मी ते धरत न्हाई.

तुमी तिला समोर बसवून प्रश्न विचारता. ती सगळ्याला व्हय म्हणती. ती बिनडोक हाय म्हणून न्हाई. आमचा धंदा तसा हाय. माणूस मोटारीतून उतरतो, समोरच्या डोंगराकडं बोट करतो, म्हणतो तो लोहगड का. माझा भाऊ म्हणतो व्हय. आमच्या टपरीवरून लोहगड दिसत न्हाई. पण रोज कुणाला तरी दिसतो. एकानं तर त्याच डोंगराला रायगड म्हटलं, त्यालाबी व्हय. माणूस खूश होतो, पोरांना डोंगर दाखवतो, कणसं घेतो. न्हाई म्हटलं तर पुढच्या टपरीवर जातो आणि तितं त्याला रायगड मिळतो.

चिंगी कंबरेएवढी होती तेव्हापासून तितं उभी हाय. पावसाळ्यात भुशी धरणाच्या रस्त्याला, बाकीचं वर्ष वरच्या पॉइंटला. तुमी टेबलामागं बसून बोट केलं की तिला तुमच्यात गिऱ्हाईकच दिसणार.

त्यात माझ्या भावानं तिला एक मेपासून बंगल्यावर कामाला ठेवायचं कबूल केलंय. मला पत्ता न्हाई. मी त्याला विचारलं, कॉलेजलाबी व्हय आणि बंगल्यालाबी व्हय, असं कसं. तो म्हणतो, जे आधी येईल ते.

शिमग्याला तिला घरी सोडा. मी तिच्याकडून न्हाई म्हणवून घेते.

सरूबाई


तळेगाव दाभाडे,
१ मार्च २०२५

सरूबाई, नमस्कार.

तुमचं पत्र वाचलं. डोंगराचा प्रकार माझ्या लक्षात येणं शक्यच नव्हतं, आरतीने तो कधी सांगितला नाही. तिला उत्तरं सुचत नाहीत असं समजून मी नमुन्याची उत्तरं लिहून दिली आणि तिने ती पाठ केली. त्यामुळे आता ती वाईट उत्तरं देत नाही, दुसऱ्याची उत्तरं देते.

शिमग्याला तिला जरूर पाठवते. फक्त एक विनंती. तुम्ही स्पष्ट बोलणाऱ्या आहात, ते पत्रावरून कळतंच. तुमचं ‘नाही’ तिच्या तोंडी बसवू नका. तुम्ही सांगितलं म्हणून ती नाही म्हणाली, तर तेही हो म्हणण्यासारखंच आहे.

बंगल्याच्या कामाबद्दल मी तिच्या वडिलांशी बोलू का? मला वाटतं, ते मला हो म्हणतील.

आपली,
स्नेहल


लोणावळा,
१८ मार्च २०२५

स्नेहल मॅडम यांस,

गेणूशी बोलू नका. तो व्हय म्हणेल.

शिमगा झाला. रविवारी चिंगीला पुढं उभी केली आणि गेणूला मागं भज्यांना बसवला. त्याची भजी करपली, ते वेगळं. पहिलाच माणूस आला, काळा चष्मा लावलेला. डोंगराकडं बोट केलं, म्हणाला तो लोहगड ना. चिंगीनं माझ्याकडं बघितलं. मी शेजारीच उभी होते, हातातला झारा उचलला. ती बारक्या आवाजात म्हणाली, न्हाई सर, लोहगड हितून दिसत न्हाई. हा साधाच डोंगर हाय, आमी ह्याला बोडका म्हणतो. मला वाटलं, गेला आता. त्यानं बोडक्याचा फोटो काढला आणि नाव दोनदा विचारून घेतलं. कणीस मात्र घेतलं न्हाई.

मग एक बाई आली, धबधबा कुटं हाय. चिंगी म्हणाली, आता कोरडा हाय, पावसाळ्यात या. बाई मोटारीत बसून गेली. मग एकानं कणीस कोवळं का विचारलं, ही म्हणाली न्हाई, जून हाय. मागून गेणू ओरडला, कोवळं हाय, कोवळं हाय. तो माणूस दोघांकडं बघत राहिला. संध्याकाळी गल्ला बघून गेणू म्हणाला, पोरगी धंद्याच्या उपयोगाची राहिली न्हाई. मी म्हणाले, बरं झालं.

पण तुमी लिहिलं होतं ते मी बघून ठेवलं. मी झारा उचलला की ती न्हाई म्हणत होती. मधी मी पाणी आणायला गेले, तेव्हा काय म्हणाली ते मला माहीत न्हाई. परत आले तर एक कुटुंब डोंगराकडं तोंड करून फोटो काढत होतं आणि त्यांच्या हातात कणसं होती.

तेव्हा अर्धं काम झालंय असं धरा. बंगल्याचा विषय मी तिच्यापाशी काढला न्हाई. ते माझं बोलणं झालं असतं.

सरूबाई


तळेगाव दाभाडे,
१३ एप्रिल २०२५

आत्या,

काल पुण्यात मुलाखत झाली. समोर तिघं होते. दोन मॅडम आणि एक वयस्कर सर. सुरुवातीला मी दोन-तीन वेळा हो म्हणाले, एकदा तर प्रश्न पूर्ण व्हायच्या आधीच. मग त्यांनी गणिताचं विचारलं. एक उदाहरण सोडवायला दिलं. मी फळ्यावर सोडवलं. सर म्हणाले, तिसरी पायरी चुकली ना? मी परत बघितलं आणि म्हणाले, नाही सर, बरोबर आहे. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला.

शेवटी त्यातल्या एक बाई म्हणाल्या, तू तुझ्या वाडीतली पहिलीच. शिकून झाल्यावर परत जाऊन वाडीसाठी काम करणार ना? त्या असं विचारत होत्या की उत्तर त्यांच्या तोंडावरच होतं. ताईंच्या नमुन्याच्या उत्तरांत पण ते होतं, हो, मला माझ्या समाजासाठी काम करायचं आहे. मला पाठ होतं.

मी म्हणाले, “न्हाई.”

इंग्रजीतसुद्धा नाही, आपल्याच भाषेत निघालं. मग इंग्रजीत सांगितलं की गणिताचं काम वाडीत नाही. बाबांना आणि आत्याला भेटायला येईन. कामाला तिथं येईन असं खोटं सांगणार नाही. त्यांनी लिहून घेतलं, आभार मानले. बस्स.

तू तिथं नव्हतीस. झाराही नव्हता.

परत येताना ताईंनी सगळं विचारून घेतलं. मग म्हणाल्या, त्या प्रश्नाला त्यांना हो ऐकायची सवय असते. मी विचारलं, म्हणजे गेलं का? त्या म्हणाल्या, मला माहीत नाही. त्या खोटं बोलत नाहीत, त्यामुळे मला झोप लागली नाही.

आरती


लोणावळा,
१९ एप्रिल २०२५

चिंगे,

तुझं पत्र दोनदा वाचलं. मग पिशवीत घालून ठेवलं आणि आज उत्तर लिहितीया.

गिऱ्हाइकाला न्हाई म्हणायला शीक म्हणाले होते. वाडीला न्हाई म्हण असं मी म्हणाले नव्हते. असो. तुला वाटलं ते बोललीस. मला वाईट वाटलं, ते तुझ्याकडं लिहायचं न्हाई असं ठरवलं होतं, पण लिहिलं गेलं.

आता कामाचं ऐक. मोठी माणसं एवढ्या लांबून परीक्षा घ्यायला येतात ती न्हाई ऐकायला येत न्हाईत. कॉलेज गेलं असं धर. एक मे तोंडावर आलाय. शेठ वाईट माणूस न्हाई, त्याच्या बायका-पोरांना मी बघितलंय. बंगल्यावर सावलीत उभं राहायचं, पाहुण्यांशी बोलायचं. गेणूचं बागेचं कामबी त्याच्याच हातात हाय. निकाल लागायच्या आधी हे सोडलंस आणि तिकडूनबी काही आलं न्हाई, तर दोन्ही जाईल. मग परत टपरी.

एवढ्याला व्हय म्हण. पुढचं पुढं बघू.

सरूआत्या


तळेगाव दाभाडे,
२४ एप्रिल २०२५

आत्या,

न्हाई.

मी काल ताईंच्या फोनवरून शेठना फोन केला. ते म्हणाले, गेणूनं तर हो म्हटलंय. मी म्हणाले, बाबा सगळ्यांनाच हो म्हणतात. ते हसले. मग म्हणाले, ठीक आहे, मग बागेलाही दुसरं कुणी बघतो. हसतच म्हणाले. मी फोन ताईंना परत दिला.

बाबांना तू सांगू नको. मी रविवारी येऊन सांगते. त्यांचं काम माझ्यामुळे गेलं, ते माझ्या तोंडून त्यांनी ऐकावं.

कॉलेज नाही मिळालं तर टपरीवर उभी राहीन. पुढच्या वर्षी परत परीक्षा देईन. बंगल्यावर गेले तर ती द्यायची राहून जाईल. तिथं रोज नवे पाहुणे येणार आणि रोज त्यांना हो म्हणायचं. दोन महिन्यांत मी पहिल्यासारखी होईन. मला माझी खात्री नाही, म्हणून जात नाही.

तुला वाईट वाटलं ते लिहिलंस, बरं झालं. मलाही वाईट वाटतंय. तरी न्हाई.

आरती


लोणावळा,
१९ मे २०२५

चिंगे,

निकाल स्नेहल मॅडमनी फोनवर सांगितला. मी पॉइंटवर होते, आवाज तुटत होता, त्यांना चारदा सांगावं लागलं. चार वर्षं शिकायचं, राहायचं, जेवायचं सगळं कॉलेज बघणार, असंबी म्हणाल्या. का घेतलं म्हणून मी विचारलं. त्या म्हणाल्या, ते कुणी सांगत न्हाई, गणित चांगलं झालं असेल. तेच खरं असंल.

माझा अंदाज चुकला. कॉलेज गेलं म्हणून मी लिहिलं होतं, ते पत्र फाडून टाक.

तू बागेचं सांगून गेलीस त्यावर गेणूनं बंगल्यावर जाऊन आपलं खुरपं आणलं. मग वाडीत सांगायला लागला, बंगल्याची बाग मीच सोडली, गुडघे दुखतात. परवापासून सांगतोया, पोरीला बेंगलोरला मीच पाठवतोय. दोन्हीला मी काही बोलले न्हाई. सकाळी तो मोकळाच असतो, तर टपरी लवकर लागती. करवंदं विकतो. गोड हायेत का विचारलं की व्हय म्हणतो.

जायच्या आधी चार दिवस राहायला ये. वांगं करणार न्हाई.

सरूआत्या


बेंगलोर,
७ सप्टेंबर २०२५

आत्या,

आधी वाईट लिहिते, म्हणजे चांगलं खरं वाटेल.

पहिल्या चाचणीत काठावर पास झाले. इथल्या मुलांनी या वर्षाचं अर्धं गणित शाळेतच केलेलं आहे. त्यांचे आईवडील डॉक्टर, प्रोफेसर. जेवताना ते ज्या गोष्टींवर हसतात त्या मला कळत नाहीत. पहिले काही दिवस मीही हसले. मग एकदा म्हणाले, मला कळलं नाही. एका मुलीनं समजावून सांगितलं. ते कळल्यावर फार हसण्यासारखं नव्हतं.

स्नेहलताई दर पंधरा दिवसांनी फोन करतात. इथं तळेगावच्या क्लाससारखं कुणी शेजारी बसवून शिकवत नाही, स्वतः जाऊन विचारावं लागतं. मी सरांकडे दर बुधवारी जाते. परवा त्यांना म्हणाले, तुम्ही सांगितलेलं मला पटलं नाही. चूक माझीच होती. पण त्यांनी खुर्ची दिली.

चांगलं हे की रात्री इथं थंडी असते, पॉइंटसारखी. आणि दुसरी चाचणी बरी गेली. बरी. छान नाही.

आरती


लोणावळा,
५ ऑक्टोबर २०२५

चिंगे,

तुझं पत्र गेणूला वाचून दाखवलं. त्यानं वाडीत सांगितलं की तू पहिली आलीस. आता ते पुसायला मी कुटं कुटं जाऊ.

भुशीचा हंगाम संपला, टपरी वर नेली. परवा एक मोटार थांबली. उतरलेल्या पोरानं आधी मोबाईलवर बघितलं, मग डोंगराकडं बघितलं, म्हणाला, हा बोडका ना. शिमग्याला फोटो काढून गेलेल्या त्या चष्मेवाल्यानं कुटं तरी टाकलं असणार. गेणू म्हणाला, व्हय. इतक्या वर्षांत डोंगराबद्दल पहिल्यांदा खरं बोलला, आणि ते त्याच्या ध्यानातबी आलं न्हाई.

दिवाळी ह्या महिन्यात हाय. येशील का? गेणू सगळ्यांना सांगून बसलाय की तू येणार. मी अजून कुणाला काही सांगितलं न्हाई. तुझं पत्र आलं की सांगेन.

सरूआत्या


बेंगलोर,
११ ऑक्टोबर २०२५

आत्या,

न्हाई. दिवाळीची सुट्टी चारच दिवस आहे, त्यातले दोन येण्या-जाण्यात जातील आणि लगेच परीक्षा आहे. मला यावंसं वाटतंय, पण येणार नाही.

डिसेंबरात वीस तारखेला येईन. पंधरा दिवस राहीन.

आरती


लोणावळा,
१८ ऑक्टोबर २०२५

चिंगे,

पत्र पोचलं. गेणू म्हणाला, दिवाळीला न्हाई म्हणती, म्हणजे डिसेंबरातबी यायची न्हाई. मी म्हणाले, येईल. तो म्हणाला, कशावरून. मी भजी तळता तळता म्हणाले, दिवाळीला न्हाई म्हणाली त्यावरून. त्याला ते कळायचं न्हाई.

गाडी लोणावळ्याला किती वाजता लागती ते कळव. स्टेशनवर घ्यायला यायचं गेणूला सांगू नको. तो व्हय म्हणेल.

मी येते.

सरूआत्या